चिनी राजशब्दांची ६४ मराठी कार्डं: अकरा आठवड्यांच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून काम सुरू. चिनी भाषेतल्या राजदरबारी शब्दांची ६४ कार्डं करायची आहेत. एका बाजूला चिनी अक्षर, दुसऱ्या बाजूला उच्चार आणि मराठी शब्द. माझ्या रविवारच्या वर्गात बारा जण आहेत. चौघं चाकणच्या कारखान्यांत दुभाषाचं काम करतात, बाकीचे हौसेने शिकतात आणि छिंग या चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळावरच्या मालिका बघतात. मालिकेत ऐकलेला शब्द ते मला विचारतात, मी चिनी-इंग्रजी कोश उघडते आणि इंग्रजीवरून मराठी सांगते. गेल्या महिन्यात एकाच्या वहीत पाहिलं, तर सात वेगळ्या चिनी शब्दांपुढे मीच सांगितलेलं 'सम्राट' किंवा 'शाही' लिहिलेलं होतं. ते पाहून फार वाईट वाटलं. त्या सातही शब्दांचा रंग वेगळा आहे आणि तो मी मधल्या मधे पुसून टाकत होते.

म्हणून नियम एकच ठेवला आहे: मूळ चिनी अक्षराकडे बघायचं आणि मराठीत त्या जागी काय म्हणतात ते शोधायचं. मध्ये तिसरी भाषा आणायची नाही.

अंदाज: सहा आठवडे, १,५०० रुपये. खरा हिशोब शेवटी देईन. या नोंदींत चिनी अक्षरं काढलेली नाहीत. जिथे अक्षराचा आकार महत्त्वाचा आहे तिथे त्याच्या रेघा सांगते.

१२ जानेवारी, रविवार

हाताने लिहिलेली २० कार्डं आज बाद केली. नऊ तास आणि ३२० रुपयांचे कार्डपेपर गेले.

चूक उच्चारात होती. रोमन स्पेलिंग बघून मी 'हुआंगदी', 'तांग', 'बेइजिंग' असं लिहीत गेले. कारखान्यात येणाऱ्या एका चिनी इंजिनिअरना फोनवर वाचून दाखवलं. 'तांग राजवंश' म्हटल्यावर ते थबकले. त्यांच्या कानाला 'तांग' हा वेगळाच शब्द आहे, तिसरा सूर, म्हणजे आवाजाची ठरावीक चढउतार, लागला तर त्याचा अर्थ 'पक्ष' होतो. राजवंश आहे तो 'थांग'. रोमनमध्ये चिनी लिहिताना 'डी' हे अक्षर आपल्या 'त'साठी वापरतात आणि 'टी' हे 'थ'साठी. तसंच 'बी' म्हणजे आपला 'प', 'जी' म्हणजे आपला 'क'. ताट आणि थाट, काट आणि खाट हा फरक आपल्याकडे लहान मुलाच्याही कानाला कळतो. चिनी भाषा नेमकी त्याच फरकावर उभी आहे. आपल्या लिपीत त्यासाठी दोन-दोन अक्षरं तयार असताना मी रोमनच्या मागे जात होते.

आता सगळं असं लिहिते: ह्वांगती, थांग, छिन, छिंग, खांगशी, पेइचिंग.

'च'चा घोळ त्याहून मोठा होता. चिनीत तीन प्रकारचे 'च' आहेत. आपल्या चहातला एक, चमचातला एक, आणि तिसरा जीभ 'ट'च्या जागी वळवून म्हणायचा. पहिले दोन आपल्या तोंडात आहेतच, फक्त आपण ते वेगळे लिहीत नाही. मी चमचातल्या 'च'ला खाली नुक्ता दिला आणि तिसऱ्याला कार्डावर अधोरेषा मारली. सूर १ ते ४ अशा आकड्यांनी दाखवले आहेत. हे करणार असाल तर पहिलं कार्ड लिहिण्याआधी ठरवा. माझं नंतर ठरलं, म्हणून वीस कार्डं गेली.

१९ जानेवारी, रविवार

या आठवड्यात दोनच शब्द: वांग आणि ह्वांगती. दोन्हींना मी पूर्वी 'सम्राट' म्हणत होते.

'वांग' हे अक्षर अगदी सोपं आहे. तीन आडव्या रेघा आणि त्यांना मधोमध जोडणारी एक उभी रेघ. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान काळातल्या तुंग चुंग-शू या विद्वानाने त्याचा अर्थ लावला की आकाश, माणूस आणि जमीन यांना जो जोडतो तो वांग. अर्थ सुंदर आहे. पण हाडांवर कोरलेल्या सर्वांत जुन्या अक्षरांत ते कुऱ्हाडीच्या पात्याचं चित्र आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कार्डावर दोन्ही गोष्टी दिल्या. मराठी शब्द: राजा.

या अक्षरात खालच्या बाजूला एक टिंब दिलं की ते 'यु', म्हणजे हिरवट जेड दगड होतं. टिंब विसरलं की राजा. हे टिंब मी दोन कार्डांवर विसरले होते. शिवाय दुसऱ्या अक्षराच्या डावीकडे हा दगड बसला की टिंब गळतं आणि तो राजासारखाच दिसतो. माळ, मणी, रत्न अशा अर्थांच्या अक्षरांत राजा दिसला तर तो राजा नाही, दगड आहे.

आता ह्वांगती. चौ घराण्याच्या काळात वांग एकच होता. पुढे मांडलिकच स्वतःला वांग म्हणवू लागले. इ. स. पू. ३३४ मध्ये छी आणि वेइ या दोन राज्यांच्या प्रमुखांनी एकमेकांचं वांगपद मान्य केलं. इ. स. पू. २८८ मध्ये छिन आणि छी इथल्या राजांना तेही पुरेना, तेव्हा एकाने पश्चिमेचा 'ती' आणि दुसऱ्याने पूर्वेचा 'ती' अशी पदवी घेतली आणि लवकरच सोडूनही दिली. इ. स. पू. २२१ मध्ये छिनचा राजा यिंग चंग याने उरलेली सगळी राज्यं जिंकली आणि नवी पदवी सुचवायला मंत्र्यांना सांगितलं. मंत्र्यांनी 'थाय-ह्वांग' सुचवली. त्याने 'थाय' काढून टाकलं, 'ह्वांग' ठेवलं आणि त्याला पुराणकाळातल्या राजांचं 'ती' जोडलं. झालं ह्वांगती. म्हणजे हा शब्द त्याने स्वतःच्या हाताने घडवला आहे. त्याच वेळी 'चन' म्हणजे 'मी' हे सर्वनामही त्याने स्वतःपुरतं राखून ठेवलं. त्याआधी कोणीही स्वतःला चन म्हणू शकत होतं.

'चन'पुढे मी 'आम्ही' लिहिलं होतं, कारण आपले राजे स्वतःला आम्ही म्हणतात. पण चन एकवचनी आहे, आणि या शब्दाचा सगळा जोर तो फक्त एकाच माणसाचा असण्यात आहे. म्हणून कार्डावर 'मी' लिहिलं आणि खाली बारीक अक्षरांत 'फक्त ह्वांगतीने म्हणायचं'. त्याआधीचे वांग स्वतःला 'क्वा-रन' म्हणत. कोशात 'क्वा'चा एक अर्थ विधवा असाही दिलेला आहे, त्यात मी अर्धा तास अडकले. इथे अर्थ आहे 'उणा', गुणांनी उणा माणूस. आपल्या संतांचा 'पामर' इथे अगदी चपखल बसला.

ह्वांगतीपुढे 'सम्राट'च ठेवलं. पण राजा हा शब्द स्वस्त झाल्यामुळे नवा शब्द घडवावा लागला, ही गोष्ट मराठी माणसाला परकी नाही. १६७४ साली रायगडावर 'छत्रपती' हे पद आणि राज्याभिषेक शक एकदमच सुरू झाले. वर्गाला तेच उदाहरण दिलं आणि ह्वांगती सगळ्यांच्या लक्षात राहिला.

२६ जानेवारी, रविवार

'थिएन-च़' या कार्डावर मी 'स्वर्गपुत्र' लिहिलं होतं. वर्गातल्या आजींनी विचारलं, "अगं, म्हणजे तो वारलेला आहे का?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. स्वर्गवासी म्हटलं की आपल्याला मेलेला माणूसच आठवतो. 'थिएन'मध्ये मरणाचा काही संबंध नाही. थिएन म्हणजे डोक्यावर दिसतं ते आकाश, आणि तेच राजाला नेमतं आणि काढतं.

आठवडाभर पर्याय शोधत होते. कुषाण राजांनी, कनिष्काने सुद्धा, 'देवपुत्र' ही पदवी लावली होती, म्हणून तो शब्द जवळचा वाटला. पण देव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मूर्ती येते. निर्णय शेवटी एका फोटोवरून झाला. पेइचिंगमध्ये ह्वांगती दर वर्षी उत्तरायण सुरू होण्याच्या दिवशी थिएनची पूजा करायचा. ती वेदी दगडी आहे, गोल आहे, तीन टप्प्यांची आहे आणि तिच्यावर छप्परच नाही. वर फक्त आकाश. कार्डावर 'आकाशपुत्र' लिहिलं, खाली लहान अक्षरांत देवपुत्र. 'थिएन-श्या' म्हणजे 'आकाशाखालचं सगळं'. हा शब्द त्यांच्याकडे 'साम्राज्य' या अर्थाने चालायचा, आणि त्याला सीमा नव्हती.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस या कामातला सगळ्यात मोलाचा.

आमच्या तळमजल्यावर एक काका राहतात. त्यांनी आयुष्यभर मोडी कागद वाचले आहेत. 'पी-श्या' या शब्दावर मी चार दिवस अडले होते. 'पी' म्हणजे सिंहासनाकडे जाणाऱ्या पायऱ्या, 'श्या' म्हणजे खाली. राजाला थेट बोलायचं नाही, पायऱ्यांखाली उभ्या असलेल्या सेवकाला उद्देशून बोलायचं, म्हणून 'पायऱ्यांखाली' हेच राजाचं संबोधन झालं. मी 'महाराज' लिहिलं होतं. त्यात पायऱ्या कुठेच नाहीत.

काकांना विचारलं, "काका, राजाला थेट हाक न मारता बाजूच्याला उद्देशून बोलायचं, असं आपल्याकडे काही आहे का हो?"

"अगं, जुन्या पत्राचा मायना बघ की," काका म्हणाले. "'स्वामींचे सेवेसी विनंती'. पत्र स्वामींना लिहिलेलंच नाही. त्यांच्या सेवेला लिहिलंय."

पी-श्या: 'स्वामींचे सेवेसी'. कार्ड पुरं झालं.

मग 'यु' हा उपसर्ग काढला. हा दगडाचा यु नव्हे, उच्चार आणि सूर तेच, पण अक्षर वेगळं. ह्वांगतीच्या प्रत्येक वस्तूला तो लागतो: यु-बाग, यु-स्वयंपाकघर, यु-वैद्य, यु-लेखणी. मी सगळीकडे 'शाही' लावलं होतं. काका म्हणाले, "हुजूरपागा म्हणजे काय ते सांग बरं." मी म्हटलं, पुण्यातली मुलींची शाळा. "शाळा नंतरची. आधी ती पेशव्यांची खुद्द पागा. हुजूर म्हणजे धन्याचं स्वतःचं. हुजूर दफ्तर, हुजूरपागा. तुझा तो यु म्हणजे हुजूर." मी सोळा कार्डं काढली होती, सगळ्यांवर हुजूर बसला. यु-स्वयंपाकघर झालं 'हुजूर मुदपाकखाना'.

तिसरा शब्द 'चू-फी'. अधिकाऱ्यांचे अर्ज ह्वांगती स्वतः वाचायचा आणि तांबड्या शाईने त्यांच्यावर लिहायचा. मी 'सिंदुरी टिप्पणी' लिहिलं होतं. काकांनी ते वाचून मान हलवली. "शेरा म्हण. तांबडा शेरा. कचेरीत साहेब काय करतो अर्जावर?" कितीतरी अर्जांवर छिंग घराण्यातल्या खांगशी या ह्वांगतीने फक्त 'च-ताओ-ल' एवढंच लिहिलेलं आहे. मराठीत: 'कळलं'. शेरा आणि कळलं. हे दोन शब्द सापडल्यावर तो तीनशे वर्षांपूर्वीचा अर्ज माझ्या टेबलावर आल्यासारखा वाटला.

आधीच काकांकडे गेले असते तर दोन आठवडे वाचले असते. तुमच्या ओळखीत जुनी कागदपत्रं वाचणारं कोणी असेल तर पहिल्याच आठवड्यात त्यांना गाठा.

९ फेब्रुवारी, रविवार

मरणाचे शब्द. पाच कार्डं, एका संध्याकाळी झाली, कारण मराठीची तयारी पूर्ण होती.

चिनी रीतिग्रंथात कोण मेलं त्यावर क्रियापद ठरतं. ह्वांगती गेला तर 'पंग'. हा शब्द डोंगर कोसळण्याचा आहे आणि अक्षरात वर डोंगर काढलेलाही आहे. मांडलिक राजा 'हुंग', मोठा अधिकारी 'च़ू', साधा माणूस 'स'. आपल्याकडे साधू समाधिस्थ होतो, वडीलधारे कैलासवासी किंवा वैकुंठवासी होतात, शेजारचे वारतात आणि साप मरतो. वर्गाला हे समजावून सांगावं लागलंच नाही. अडचण फक्त 'पंग'ची होती. 'निधन' लिहिलं की डोंगर जातो. शेवटी 'कडा कोसळला' असंच लिहिलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

१९१२ साली याच तारखेला शेवटच्या ह्वांगतीच्या, सहा वर्षांच्या पु-यीच्या नावाने राजत्यागाचं फर्मान निघालं. इ. स. पू. २२१ पासून धरलं तर ह्वांगती हा शब्द २,१३२ वर्षं पदावर होता. आज कामावरून आल्यावर 'क-मिंग'चं कार्ड मुद्दाम केलं.

मिंग म्हणजे हुकूम, थिएन-मिंग म्हणजे आकाशाचा हुकूम, क म्हणजे बदलणं. राजा नालायक निघाला की आकाश हुकूम फिरवतं, त्याचं नाव क-मिंग. हा शब्द फार जुना आहे. शांग घराण्याचा संस्थापक थांग आणि चौ घराण्याचा राजा वू यांनी आधीच्या राजांना हटवलं, त्या संदर्भात तो येतो. आज त्याचा अर्थ क्रांती. आपली क्रांतीही मुळात ओलांडून जाणं आहे, संक्रांतीत आहे तीच. कार्डावर दोन ओळी: 'हुकूम फिरणं. आज: क्रांती.' ह्वांगती याच शब्दाने गेला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दोन संध्याकाळी वाया गेल्यासारख्या वाटल्या आणि मग त्यांतूनच सगळ्यात चांगलं कार्ड मिळालं.

आधी नावांचा घोळ. 'खांगशी' हे राजाचं नाव नव्हे, ते त्याच्या कारकिर्दीचं नाव, निएन-हाओ. आपला राज्याभिषेक शक असतो तसं. ही पद्धत हान काळात सुरू झाली. मिंग घराण्यापासून एका राजाला एकच निएन-हाओ अशी रीत पडली, म्हणून युंगल, खांगशी, छिएनलुंग या राजांना आपण त्याच नावांनी ओळखतो. त्याआधीचे थांग काळातले राजे देवघरातल्या पाटीवरच्या नावाने ओळखले जातात. खांगशीचं खरं नाव श्युएन-ये. ते नाव कोणी घ्यायचं नाही आणि त्यातलं अक्षर लिहायचंही नाही. लिहायची वेळ आलीच तर शेवटची रेघ गाळायची, नाहीतर 'युएन' हे दुसरं अक्षर घालायचं. पेइचिंगच्या राजवाड्याचं उत्तरेचं दार आधी श्युएन-वू-मन होतं, ते याच कारणाने शन-वू-मन झालं. माझी पणजी पणजोबांचं नाव घेत नसे, आणि त्या नावासारखा शब्द बोलण्यात आला तर तो बदलून बोलत असे. म्हणून हे कार्ड लिहिताना मला काहीच परकं वाटलं नाही.

आता वाया गेलेल्या संध्याकाळी. आपल्याकडे शाळेत ह्युएन त्संग म्हणून शिकवतात तो भिक्षू इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला होता. त्याच्या प्रवासवर्णनात आपल्या राजाला कोणता शब्द वापरला आहे ते मला बघायचं होतं. छिंग काळातल्या छपाईची एक प्रत मिळाली. त्यात त्याचं नाव शोधत राहिले आणि ते सापडेचना. दुसऱ्या रात्री लक्षात आलं: त्याचं नाव श्युएन-च़ांग, आणि त्यातला श्युएन हाच खांगशीच्या नावातला. छापणाऱ्याने सगळीकडे युएन-च़ांग करून टाकलं होतं. हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या भिक्षूला सुद्धा राजासाठी नाव बदलावं लागलं.

मग ते पान सापडलं. 'मोहलाछा' देश, म्हणजे महाराष्ट्र. राजाचं नाव 'पू-लो-ची-श', म्हणजे पुलकेशी, आणि त्याच्यासाठी शब्द 'वांग'. उत्तरेच्या हर्षासाठी 'ता-वांग', म्हणजे मोठा राजा. ह्वांगती कोणालाही नाही, कारण आकाशाखाली ह्वांगती एकच. आणि पुढे एक वाक्य आहे. शीलादित्याने, म्हणजे हर्षाने, पूर्व-पश्चिम स्वाऱ्या केल्या, दूरचे-जवळचे सगळे वचकले, पण एवढ्या एका देशाची माणसं त्याची 'छन' झाली नाहीत. 'छन' माझ्या यादीत होताच: राजापुढे मान लववणारा, सेवक. जुन्या अक्षरात तो एक उभा काढलेला डोळा आहे. मान खाली घातली की डोळा असा उभा दिसतो, असं त्याचं स्पष्टीकरण देतात.

रात्रीचे साडेबारा झाले होते. ते वाक्य मी तीनदा वाचलं. 'छन'च्या कार्डाच्या मागे ते मराठीत लिहिलं आहे.

त्याच ग्रंथात सुरुवातीला जगाचे चार धनी सांगितले आहेत: दक्षिणेला हत्तींचा, पश्चिमेला रत्नांचा, उत्तरेला घोड्यांचा, पूर्वेला माणसांचा. माणसांचा धनी, 'रन-चू', म्हणजे चीनचा राजा. मराठी शब्द शोधावा लागला नाही. गजपती, अश्वपती, नरपती ही बिरुदं आपल्याकडे आहेतच. रन-चू: नरपती.

२ मार्च, रविवार

छापायला दिलं. ९ बाय ६ सेंटिमीटरची कार्डं, ए-थ्री शीटवर १६ बसतात. ६४ कार्डांना ४ शीट, बारा संचांना ४८. दोन्ही बाजू रंगीत, शीटला ४५ रुपये, एकूण २,१६०. कटिंग १५०. मागची बाजू पिवळी ठेवली, कारण छिंग काळात लख्ख पिवळा रंग ह्वांगतीच्या घरापुरता राखलेला होता.

कार्डावर आज चीनमध्ये चालतं ते सोपं केलेलं अक्षर आणि त्याआधीचं जुनं अक्षर अशी दोन्ही आहेत. सोपी अक्षरं मी टाइप केली होती. जुनी कॉम्प्युटरवरच्या एका साधनाने एका फटक्यात बदलून घेतली आणि नजर टाकून पुढे गेले. ही या कामातली सगळ्यात मोठी चूक.

५ मार्च, बुधवार

छापून आलेलं बघत होते. 'ह्वांग-होउ', म्हणजे पट्टराणी. 'होउ' हे अक्षर फार जुन्या काळी राजासाठीही वापरलेलं आहे, पुढे ते राणीचं झालं. अक्षरं सोपी करताना 'मागे' या अर्थाचं दुसरं 'होउ' सुद्धा याच अक्षरात घातलं गेलं. साधनाला काय कळणार? त्याने राणीच्या जागी 'मागे'वालं जुनं अक्षर घातलं. बाराही संचांत पट्टराणीचा अर्थच गेला. राजमाता 'थाय-होउ' तीच गत, पृथ्वीमाता 'होउ-थू' तीच. राजाज्ञेच्या 'च'चं तर 'कारखान्यात बनवणं' झालं होतं. एकूण चार कार्डं.

सगळं पुन्हा छापायला निघाले होते. छापखान्यातल्या मुलाने थांबवलं. "ताई, चारच कार्डं आहेत ना? एका शीटवर चाराचे चार संच बसतील. तीन शीटांत बारा संच." १३५ रुपये आणि कटिंगचे ६०. त्याच्यामुळे दोन हजार वाचले.

जुनी अक्षरं आता एकेक करून कोशाशी ताडली आहेत. ६४ कार्डांना पावणेदोन तास लागले. हे आधीच करायला हवं होतं.

९ मार्च, रविवार

नवी चार कार्डं आली, पण पिवळा रंग फिकट आला. मागून बघितलं तरी ओळखू येतात, त्यामुळे उलटं ठेवून ओळखायच्या खेळात ती चार निकामी आहेत. सध्या तशीच ठेवली आहेत.

दुसरी गोष्ट वू च़-थिएनच्या कार्डाची. चीनच्या इतिहासात 'ह्वांगती' हे पद घेऊन राज्य करणारी ती एकटी स्त्री, इ. स. ६९० ते ७०५. राणीसाठी ह्वांग-होउ हा शब्द होता, आणि ती आधी तीच होती. पण सत्तेवर बसताना तिने राण्यांचा शब्द बाजूला ठेवला आणि राजाचाच घेतला. म्हणून मी 'सम्राज्ञी' खोडलं. सम्राज्ञी म्हटलं की ती सम्राटाची बायकोही असू शकते. कार्डावर 'सम्राट वू' आहे आणि खालचं वाक्य 'सम्राट वू गादीवर बसली'. व्याकरणाला थोडा हिसका बसतो, पण इथे तोच बसायला हवा.

तिने स्वतःच्या नावासाठी 'चाओ' हे नवं अक्षर घडवून घेतलं: वर सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी, खाली मोकळं आकाश. मी वापरलेल्या फॉन्टमध्ये ते अक्षरच नव्हतं, तिथे रिकामा चौकोन छापला गेला. पुन्हा छापण्याऐवजी आज दुपारी बारीक टाकाचं पेन घेऊन बाराही कार्डांवर हाताने काढलं. आधी सूर्याच्या चार रेघा, मग चंद्राच्या चार, मग आकाशाच्या आठ. पहिल्या तीन कार्डांवर आकाश खाली दबलं. चौथ्यापासून सूर्य-चंद्र थोडे लहान काढले आणि सगळं नीट बसलं. बाराव्या कार्डापर्यंत हात इतका रुळला की पेन उचलवेना. संचातली हीच कार्डं मला सगळ्यात जास्त आवडतात.

१६ मार्च, रविवार

'ती-क्वो' म्हणजे साम्राज्य. हे कार्ड पहिल्या पाचांत ठेवलं होतं, आज ते शेवटच्या गटात हलवलं. आजच्या अर्थाने हा शब्द जपानी वापरातून चिनीत रुळला. त्याआधीचे लोक आपल्या राज्याला ती-क्वो म्हणत नव्हते. ते म्हणत थिएन-श्या, 'थिएन-छाओ' म्हणजे आकाशाचा दरबार, किंवा 'च्यांग-शान' म्हणजे नद्या आणि डोंगर, किंवा 'श-ची' म्हणजे भूमी आणि धान्य यांच्या वेद्या. पेइचिंगमध्ये ती भूमीची वेदी अजून आहे, पाच रंगांच्या मातीची: मध्ये पिवळी, पूर्वेला हिरवट निळी, दक्षिणेला तांबडी, पश्चिमेला पांढरी, उत्तरेला काळी. आधी ही कार्डं, मग ती-क्वो. क्रम उलटा ठेवला तर शिकणारा आजचा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी घालतो.

'छाओ'वर एक सूचना. हेच अक्षर 'चाओ' असं वाचलं की 'सकाळ'. दरबार पहाटे भरायचा, त्यावरून सकाळ, दरबार आणि राजवंश हे तिन्ही अर्थ एकाच अक्षरात आले. उच्चार चुकला की अर्थ चुकतो. कार्डाच्या दोन कोपऱ्यांत दोन उच्चार दिले आहेत.

२३ मार्च, रविवार

संच वाटले. हिशोब: बाद कार्डपेपर ३२०, प्राचीन चिनीचा जुना कोश १,४५०, छपाई २,१६०, कटिंग १५०, दुरुस्तीची छपाई १३५, तिचं कटिंग ६०. एकूण ४,२७५ रुपये, अकरा आठवडे. कोश हाताशी असेल आणि उच्चारांचे नियम आधी ठरलेले असतील तर ३,००० रुपयांत आणि सात आठवड्यांत व्हायला हरकत नाही.

काकाही वर्गाला आले होते. चाकणच्या एकाने 'पी-श्या' उचललं, मागे वाचलं आणि काकांकडे बघून म्हणाला, "स्वामींचे सेवेसी." काकांनी लगेच विचारलं, "पुढे? विनंती कुठंय?" मग सगळ्यांनी मिळून ह्वांगतीला एक अर्ज लिहिला, अर्धा चिनी, अर्धा मराठी. खाली आजींनी तांबड्या पेनने शेरा मारला: च-ताओ-ल. त्यांचा सूर चुकला, पण अक्षर बिनचूक होतं.

दुसऱ्या छपाईसाठी: मागची बाजू पांढरी. वूचं अक्षर हातानेच काढायचं, तिथे जागा रिकामी सोडायची. 'छन'च्या मागचं महाराष्ट्राचं वाक्य दोन ओळींत बसत नाही, त्या कार्डाचा टाइप एका पॉइंटने लहान करायचा.